पेपर आला, म्हणजे नेमकं काय आलं?

“ताई, पोराचा पेपर आलाय म्हणं. फोनवर लई खूश होता. मी सकाळधरनं संचार बघितला, लोकमत बघितला, कुठंच नाही की. कुठल्या पेपरात आलाय?”

आमच्या गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, नवरा यंत्रमागावर, स्वतः लग्नाआधीपासून विड्या वळतात. धाकटा मुलगा बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे ‘आयआयएस्सी’त, पीएचडी करतो. आपल्याकडे ‘पेपर’ एक तर सकाळी दारात पडतो, नाही तर परीक्षेत समोर येतो. हा तिसरा पेपर त्यांच्या घरात पहिल्यांदाच आला होता. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात सगळी नोकरी केली, अशा पेपरांच्या गठ्ठ्यांतच माझं आयुष्य गेलं. त्या संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर बसून जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे. सोलापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आता अशा संस्थांमध्ये आहेत, आणि त्यांचं तिथं काय चाललंय हे आईवडिलांना कुणी नीट सांगत नाही. ‘संशोधन करतो’ एवढ्यावर विषय संपतो.

आधी संस्थेबद्दल थोडक्यात. जमशेदजी टाटांनी हिचं स्वप्न पाहिलं, पण १९०४ साली ते गेले. संस्था उभी राहिली १९०९ मध्ये. म्हैसूरच्या राजघराण्यानं ३७१ एकर जमीन दिली. बंगळूरचे जुने लोक अजूनही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले आणि १९१४ पासून संस्थेनं स्वतःचं संशोधन-नियतकालिक छापायला सुरुवात केली. केंद्र सरकार देशातल्या संस्थांची क्रमवारी लावतं, तिची पहिली यादी २०१६ साली आली, आणि तेव्हापासून विद्यापीठांच्या गटात ही संस्था पहिली आहे. तिला इतकं वर नेणाऱ्या गोष्टींत मोठा वाटा तिथून बाहेर पडणाऱ्या संशोधनाचा आहे. ते संशोधन बाहेर पडतं मुख्यतः पेपरच्या रूपात. मराठीत आपण शोधनिबंध म्हणतो.

शोधनिबंध म्हणजे ‘मी हे करून पाहिलं, असं केलं, असं दिसलं, आणि त्यावरून मला असं वाटतं’ हे इतरांना तपासता येईल अशा बेतानं लिहिलेलं टिपण. ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५ साली निघालं. शिवाजीमहाराजांनी पुरंदरचा तह केला ते हेच वर्ष. तोवर विद्वान मंडळी आपले शोध एकमेकांना पत्रानं कळवत किंवा दुसऱ्यानं चोरू नये म्हणून लपवून ठेवत. छापील नियतकालिकामुळे दोन गोष्टी झाल्या. आधी कुणी शोधलं याची तारखेनिशी नोंद राहू लागली, आणि शोध चारचौघांसमोर उघडा पडू लागला.

साधारण निबंधाचे भाग ठरलेले असतात. सुरुवातीला सारांश. मग आधी कुणी काय केलंय आणि काय राहिलंय. मग कृती, मग निष्कर्ष, मग चर्चा, आणि शेवटी आधार घेतलेल्या आधीच्या निबंधांची यादी. यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग कृतीचा. अक्कांना मी शेंगाच्या चटणीचं उदाहरण दिलं. आपण सुनेला चटणी शिकवतो तेव्हा ‘अंदाजानं तिखट, चवीपुरतं मीठ, तेल सुटेपर्यंत कूट’ एवढं सांगून भागतं, कारण ती शेजारी उभी राहून बघत असते. पण जपानातल्या बाईनं नुसतं वाचून तंतोतंत हीच चटणी करायची असेल तर? मग शेंगदाणे कुठल्या जातीचे, किती ग्रॅम, किती अंशावर किती मिनिटं भाजले, उखळात कुटले की मिक्सरला, सगळं लिहावं लागेल. शोधनिबंधातली कृती अशी लिहायची असते. न ओळखणाऱ्या माणसालाही, न विचारता, तीच गोष्ट पुन्हा करून बघता आली पाहिजे. ती जमली तर शोध पक्का. दहा ठिकाणी कुणालाच जमली नाही, तर कुठंतरी पाणी मुरतंय असं समजायचं.

निबंध लिहिला म्हणजे छापला, असं होत नाही. तो नियतकालिकाच्या संपादकाकडे जातो आणि संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना तपासायला पाठवतो. हे समीक्षक.

हा भाग अक्कांना माझ्याआधी कळला. समोर सूप, सुपात पानं, पानावर ठेवून कापायचा पत्र्याचा तुकडा आणि कात्री. विड्या जमा करायला गेलं की तिथं तपासणी होते. एखादी सैल भरलेली, एखादीचं तोंड नीट दुमडलेलं नाही, एखाद्या पानाला भोक. ती बाजूला पडते. तिला छाट म्हणतात. छाट निघाली की मेहनत गेली.

“मग तपासणारा कोण? मालकाचा माणूस?”

नाही, म्हटलं. समजा तुमच्या विड्या निपाणीतली एखादी विडी वळणारीच बाई तपासते. तिचं नाव तुम्हाला सांगत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तुमचं नाव तिला माहीत असतं, काही ठिकाणी तेही झाकतात. आणि या कामाचे तिला बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत.

“आणि ती आपल्यावर खार खाऊन असली तर?”

हा प्रश्न जगभरातल्या शास्त्रज्ञांनाही पडतो. म्हणून एकाऐवजी दोन-तीन जणांकडे पाठवतात, आणि शेवटचा निर्णय संपादक घेतो. समीक्षक लिहून कळवतात: अमुक मोजमाप एकदाच घेतलंय, पुन्हा घ्या; हा आलेख पटत नाही; अमक्या गटानं हे आधीच केलंय, त्याचा उल्लेख का नाही? मग दुरुस्त्या, पुन्हा पाठवणं, पुन्हा शंका. यात महिने जातात, कधी वर्ष. नकार तर नेहमीचेच. मुलगा फोनवर गप्प-गप्प असेल तर त्यामागं असा एखादा नकार असू शकतो, हेही मी अक्कांना सांगून ठेवलं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. समीक्षक प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत, ते लिहिलेलं तपासतात. आकडेच खोटे भरले असतील तर ते त्यांच्या नजरेतून निसटू शकतं. असं पुढं उघडकीला आलं की नियतकालिक तो निबंध जाहीरपणे मागं घेतं, आणि ‘मागे घेतला’ हा शिक्का त्यावर कायम राहतो. ‘शोधनिबंधात आलंय म्हणजे खरंच आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला हेच आठवतं. निबंध छापून येतो तिथं तपासणी सुरू होते. खरी परीक्षा पुढं, इतर लोक ते काम हातात घेतात तेव्हा.

इथून आपण येतो सायटेशनवर. हा शब्द संशोधन करणाऱ्या मुलांच्या तोंडी सारखा असतो. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात ‘हा मुद्दा अमुक निबंधातून घेतला’ असं नमूद केलं की त्या निबंधाला एक सायटेशन मिळालं. मराठीत संदर्भ म्हणा. ही मोजणी जगभर पद्धतशीर सुरू झाली १९६४ साली, अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी विज्ञानातल्या संदर्भांची सूची काढायला सुरुवात केली तेव्हापासून. निबंधाच्या शेवटची यादी एवढंच सांगायची की या निबंधानं मागचं काय वाचलं. गारफिल्डच्या सूचीनं उलटं दाखवलं: या निबंधाला पुढं कुणी कुणी वाचलं. आम्हा ग्रंथपालांसाठी ही मोठी उलथापालथ होती.

संदर्भांची गोष्ट सांगायची तर मला कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे आठवतात. त्यांचा आयआयएस्सीशी संबंध नाही, पण आपल्या जिल्ह्याशी त्यांच्या विषयाचा फार जवळचा आहे. पंढरपूरच्या वारीत पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, किती माणसं गेली याच्या आठवणी आमच्या आजीच्या पिढीकडे होत्या. ‘मरी आली’ म्हणायचे. गावागावांत मरीआईची देवळं आहेत ती उगाच नाहीत. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं १८८४ सालीच दाखवून दिला होता. पण तो जंतू माणसाला मारतो कसा, हे पुढं पाऊणशे वर्षं नीट उलगडलेलं नव्हतं. डॉ. डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्हीकडून बांधून त्यात प्रयोग केले. जंतू ज्या द्रवात वाढवले तो द्रव त्यांनी गाळला. जंतू बाजूला काढले, आणि उरलेला नुसता द्रव आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि ते विष शरीरातलं पाणी आतड्यात ओढून बाहेर काढतं. माणूस मरतो तो शरीर कोरडं पडून.

हा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. पहिली काही वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. मग हळूहळू जगभरातल्या कॉलऱ्याच्या अभ्यासकांनी त्या विषाचा माग काढायला घेतला, आणि प्रत्येकाला मागं वळून कलकत्त्याच्या त्या निबंधाचं नाव घ्यावं लागलं. डॉ. डे १९८५ साली वारले. १९८६ मध्ये त्याच गारफिल्ड यांनी कॉलऱ्यावरच्या संशोधनाचा नकाशा मांडून डे यांचं काम किती मध्यवर्ती आहे हे दाखवलं. हयातीत देशातला कुठलाही मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. छापून आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतले संदर्भ मोजून कुणी त्यांच्या कामाची किंमत केली असती, तर काय आकडा आला असता?

आता आयआयएस्सीकडे येते. जी. एन. रामचंद्रन तिथंच शिकले, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली. १९६३ साली मद्रास विद्यापीठात असताना त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. पुढं ते बंगळूरला परतले आणि तिथं रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. काम काय होतं ते सांगते. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या लांब माळा. माळ कशी दुमडते यावर ते प्रथिन काय काम करणार हे ठरतं. प्रत्येक मण्यापाशी माळ दोन ठिकाणी वळू शकते. पण कशीही नाही. तुमचं कोपर पुढं वळतं, मागं वळत नाही, कारण हाडाला हाड अडतं. तसंच इथं अणूला अणू अडतो. रामचंद्रन यांनी हिशेब करून एक चौकोनी नकाशा काढला: या इतक्या जागेत वळणं शक्य, बाकी जागा बंद. आज जगात कुठंही कुणी प्रथिनाची रचना शोधली की ती बरोबर आहे का हे पाहण्यासाठी तिची वळणं या नकाशावर टाकून बघतात. बंद जागेत बरेच ठिपके पडले तर काहीतरी चुकलंय. त्याला ‘रामचंद्रन प्लॉट’च म्हणतात. आणि गंमत बघा, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की कित्येक जण मूळ निबंधाचा संदर्भही देत नाहीत, नुसतं नाव घेतात. गुरुत्वाकर्षण सांगताना न्यूटनचं पुस्तक कोण उघडतो? तसंच.

तर संदर्भ मोजता येतात, आणि मोजता येतात म्हणून त्यांवरून नाना आकडे काढले जातात. दोन आकडे माहीत असलेले बरे. पहिला इम्पॅक्ट फॅक्टर. हा नियतकालिकाचा असतो, माणसाचा नाही. समजा एका नियतकालिकानं २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून २०० निबंध छापले आणि २०२४ मध्ये त्यांचा ६०० वेळा संदर्भ दिला गेला. ६०० भागिले २००, म्हणजे ३. झाला इम्पॅक्ट फॅक्टर. वर्गाची सरासरी काढावी तसं हे. वर्गाची सरासरी ७० आली म्हणून त्यातल्या प्रत्येक पोराला ७० मिळाले असं होत नाही. दोन हुशार मुलांनी अख्खा वर्ग वर ओढलेला असू शकतो.

दुसरा एच-इंडेक्स. हा माणसाचा. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. एखादीचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ३०, १२, ६, ४ आणि १ संदर्भ मिळालेत. निदान चार संदर्भ मिळालेले तिचे चार निबंध आहेत, म्हणून तिचा एच-इंडेक्स ४. आता दुसरा एक जण घ्या. त्याचे तीनच निबंध: एकाला १००० संदर्भ, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. त्याचा एच-इंडेक्स येतो २. त्या हजारांच्या निबंधानं कदाचित एखादं नवं क्षेत्र उघडलं असेल, आकड्यात ते दिसणारच नाही. शिवाय गणितात संदर्भ कमी आणि सावकाश मिळतात, वैद्यकात भराभर. या दोघांचे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे ज्वारीचं आणि उसाचं एकरी उत्पन्न टनात तोलणं.

नावांचाही घोळ असतो. प्रयोगशाळेच्या शास्त्रांत बहुधा पहिलं नाव ज्यानं हातानं जास्त काम केलं त्याचं आणि शेवटचं नाव गाइडचं, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाचं. गणितात मात्र नावं बऱ्याचदा अक्षरांच्या क्रमानं लावतात, तिथं पहिला-शेवटचा याला अर्थ नाही. आणि कण-भौतिकीत तर २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो निबंध आला त्यावर ५१५४ जणांची नावं होती. निबंध ३३ पानांचा, त्यातली २४ पानं नावांची आणि संस्थांचीच. ‘अमुकच्या नावावर इतके पेपर’ हे वाक्य ऐकलं की कुठल्या विषयातले, हे आधी विचारावं.

आकड्यांच्या मागं लागल्यानं आपल्याकडे जे नुकसान झालं ते मी जवळून पाहिलं आहे. २०१० नंतर कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला लागले आणि पेपरला गुण मिळू लागले. मग मेल यायला लागले: ‘पैसे भरा, सात दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून देतो.’ तपासणी नाही, समीक्षक नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी, मनानं चांगल्या माणसानं, बायकोची भिशी मोडून असे पैसे भरले. निबंध छापला गेला, प्रमाणपत्र आलं. दोन वर्षांनी मी तो शोधायला गेले तर ते संकेतस्थळच उरलं नव्हतं. त्यांनी रानात जाऊन केलेली निरीक्षणं खरी होती, कष्टाची होती. ती आता कुठंच नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं एकदम वगळली, यावरून रोग किती पसरला होता याची कल्पना येईल. बढती अडवून धरणाऱ्या आकड्यासाठी एका शिक्षकाला भिशी मोडावी लागते, याचा मला राग येतो, आणि तो त्या शिक्षकावर नाही.

संस्थेतून निबंधांशिवायही बरंच काही बाहेर पडतं. पेटंट आहेत, प्रबंध आहेत, शिकून तयार झालेली माणसं आहेत. आयआयएस्सीतच १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ नावाचा गट सुरू झाला. खेड्यांच्या गरजांसाठी विज्ञान वापरायचं हा त्याचा हेतू. त्यातून कमी लाकडात पेटणारी, धूर बाहेर काढणारी चूल निघाली. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल, म्हणून ‘अस्त्र ओले’. ज्या बाईचे डोळे धुरानं चुरचुरायचे थांबले, तिच्याकडून सायटेशन कसं मिळणार?

माणसांचं म्हणाल तर कमला सोहोनी. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली त्यांना आयआयएस्सीत आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे स्वतः रामन होते. कमलाबाई हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच, तोही मानहानीच्या अटींवर. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, पुढं केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी. परत आल्यावर मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी काम केलं. त्यांचं नाव मी मुलींना मुद्दाम सांगत असे.

आणि आपल्या ताटातली ज्वारी! ‘मालदांडी ३५-१’ हे वाण १९३० च्या दशकात आपल्या मोहोळच्या शेती-संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलं. रब्बीत वरून पाऊस नसतो, काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवरच पीक उभं राहतं. तिथं हे वाण टिकतं, दाणा मोत्यासारखा भरतं आणि कडबाही चांगला देतं. इतकी दशकं झाली, कितीतरी नवी वाणं आली, शेतकरी अजून मालदांडी सोडायला तयार नाही. अक्कांच्या घरची भाकरी तीच. अलीकडचं उदाहरण म्हणजे केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं ‘सोलापूर लाल’. हे वाण २०१७ साली आलं, नेहमीच्या ‘भगवा’ वाणापेक्षा यात लोह आणि जस्त जास्त. अशा केंद्राचं संशोधन मोजायला कुणी नुसते पेपर मोजत बसलं, तर बांधावर उभं राहून पीक न बघता परतल्यासारखं होईल.

शेवटी एक कामाची गोष्ट: हे सगळं वाचायला मिळतं कुठं? मी नोकरीला लागले तेव्हा परदेशी नियतकालिकं आमच्या ग्रंथालयाला परवडणं शक्यच नव्हतं. ‘करंट सायन्स’ यायचं, ते १९३२ पासून बंगळूरहून निघतं. बाकीच्यांसाठी आमचे प्राध्यापक लेखकालाच पोस्टकार्ड टाकायचे: ‘आपल्या निबंधाची प्रत पाठवावी.’ महिन्या-दोन महिन्यांनी तपकिरी पाकीट यायचं, कोपऱ्यात अनोळखी देशाचं तिकीट, आत स्टेपल केलेली आठ पानं. कधी कधी वर पेनानं ‘सदिच्छांसह’. ती तिकिटं शिपायाची मुलगी वहीत चिकटवायची.

मग २००२ च्या सुमारास आयआयएस्सीनं आपल्या लोकांचे निबंध ‘ईप्रिंट्स’ नावाच्या ऑनलाइन भांडारात ठेवायला सुरुवात केली. भारतातल्या कुठल्याही संस्थेनं असं करणं तेव्हा नवीन होतं. अशा भांडारात लेखकाचं नाव टाका, विभाग टाका, वर्ष टाका, यादी समोर येते. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, सोलापूर विद्यापीठाच्या नावानंही तिथं शोधून बघा. भौतिकशास्त्र आणि गणितातली मंडळी छापायच्या आधीच आपला मसुदा १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’वर टाकतात. आणि २०२५ च्या सुरुवातीपासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना चालू आहे. ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारच्या ६३०० संस्थांना खुली झाली आहेत, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये त्यासाठी ठेवले आहेत. पोस्टकार्डं टाकणारे आमचे ते प्राध्यापक हे बघायला हवे होते. तुमचं मूल सरकारी संस्थेत असेल तर ग्रंथालयात जाऊन विचारायला सांगा, नुसतं मोबाइलवर ‘पैसे भरा’ आलं म्हणून परत फिरू नका.

त्या संध्याकाळी मी अक्कांना माझ्या मोबाइलवर मुलाचा पेपर काढून दाखवला होता. कसल्याशा ऑक्साइडचा पातळ थर कमी तापमानाला कसा चढवायचा, असा काहीसा विषय. सहा नावं, त्यात यांचा तिसरा. “तिसरा म्हणजे कमी का?” म्हणाल्या. मी म्हटलं, पहिलाच पेपर आहे, सीनियरबरोबर काम शिकतोय, बरोबरच आहे. पडद्यावर खाली संदर्भांच्या जागी शून्य होतं. त्यांनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर एकदा सहज म्हणून मी परत उघडला. शून्याच्या जागी एक दिसला. फोन घेऊन तशीच त्यांच्याकडे गेले. तो एक कोण, ते उघडलं. परदेशातला कुठलासा गट, नावं आम्हा दोघींनाही वाचता येईनात. त्यांच्या निबंधात कृतीच्या भागात एक ओळ होती: थर कसा चढवला ते सांगून पुढं चौकटी कंसात १७ असा आकडा. शेवटच्या यादीत १७ व्या क्रमांकावर यांच्या मुलाचा पेपर.

“म्हणजे ह्याची रीत त्यांनी तिकडं करून बघितली?”

“हो. आणि जमली, म्हणून लिहिलीय.”

अक्कांनी सूप बाजूला सारलं, बोटांची तंबाखू पदराला पुसली आणि फोन हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नाही. दोन बोटांनी त्या ओळीवरचा १७ मोठा करून त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.